हॅम्बुर्गचे इवाई

मेहकरला बदली होऊन आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी चार घरं पाहिली, आणि चारही ठिकाणी 'सड्या माणसाला खोली देत नाही' म्हणून मला दारातूनच वाटेला लावलं. पाचव्या घरी ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरं धोतर, बंडी, डोक्यावर टोपी. त्यांनी लग्नाचं विचारलं नाही, नोकरीचं विचारलं नाही. मी काढून ठेवलेल्या चपलांकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मामकूळ कोनतं?"

म्हणजे आईचं माहेर कुठलं. मी सातारकडचा. आजोळचं गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, जरा वेळ तसेच बसून राहिले आणि म्हणाले, "त्या आडनावाची एक पोरगी चिखलीले देली हाय. तुमच्या मायची कोनीतरी लागनच." पुढे मी आईला विचारलं, तर तीही म्हणाली, असेल बाबा, आपली माणसं कुठे कुठे असतात. एवढ्या भांडवलावर मला गच्चीवरची खोली मिळाली. किल्ली हातात देताना त्यांनी सहज विचारलं, करता काय? मी म्हटलं, बँकेत आहे. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"बँकेत? मंग तं झालंच. आमचे इवाई बी बँकेतलेच हायेत."

"कुठल्या शाखेत?" मी विचारलं.

"हॅम्बुर्ग," म्हातारबुवा म्हणाले.

इवाई म्हणजे व्याही. हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि पुढच्या तीन वर्षांत इतक्या वेळा ऐकला की आमच्याकडे गेल्यावरही माझ्या तोंडून तोच निघायचा आणि घरचे हसायचे.

गावात त्यांना सगळे मामा म्हणत. लग्नात नवरीला मांडवात आणायचं काम मामाचं असतं, आणि निम्म्या तालुक्याच्या पोरी यांनीच मांडवात आणल्या होत्या. तसा व्यवसाय शेतीचा, पण खरं काम सोयरिकी जुळवण्याचं. कोणत्या घरात मुलगा आहे, कोणत्या घरात मुलगी, कोणाचं कोणाशी कुठे बिनसलं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांची पारख करायची रीतही न्यारी होती. मुलाला ते प्रश्न विचारत नसत. पाणी आणून देणाऱ्या माणसाकडे तो बघतो का, एवढंच पाहत. "जो पानी देनाऱ्याकडं पाह्यत नाई, तो पुढं बायकोकडं कायले पाहीन?" असं त्यांचं शास्त्र होतं. या शास्त्रावर किती स्थळं मोडली असतील देव जाणे.

समोरच्या खोलीत भिंतीला टेकून प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा एक उंच ढीग होता. दोन्हीकडची मंडळी बैठकीला येत, त्यांच्यासाठी घेतलेल्या. मी राहायला गेलो तेव्हा त्या खुर्च्यांवर कोणी बसेनासं झालं होतं. तरी मामा रोज सकाळी त्या एकेक करून उतरवत, ओल्या फडक्याने पुसत आणि पुन्हा ढीग लावून ठेवत. पहिल्या दिवशी मला वाटलं घरात कार्य आहे. विचारलंसुद्धा. ते पुसत राहिले.

कारण मला हळूहळू कळलं, आणि तेही त्यांच्याकडून नव्हे, पलीकडच्या पानवाल्याकडून. मामांना एकच मुलगी. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. पोरगी हुशार, दगडमातीचं शास्त्र शिकत होती, आणि लोणार तर इथून हाकेच्या अंतरावर. तिथे उल्केने पडलेलं ते मोठं तळं अभ्यासायला परदेशातून लोक येतात. त्यातलाच एक जर्मन पोरगा. इकडे मामांनी जळगाव जामोदला एक घर पाहून शब्द देऊन टाकलेला. मुलगा चांगला, माणसं खातीपिती, शिवाय त्याच घरातल्या मुलीची सोयरिक मामांनीच आधी एका इंजिनिअरशी जुळवलेली. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. आणि पोरीने एक दिवस फोन करून सांगितलं, की बाबा, आम्ही लग्न नोंदवलं.

मामा तिला म्हणाले, "आता माहा आवाज तुले पुन्यांदा ऐकू येनार नाई." आणि फोन ठेवला.

पुढे कुणाच्या तरी लग्नात जळगाव जामोदचे ते गृहस्थ, मुलाचे वडील, भेटले. भर मांडवात, जेवणाच्या पंगतीत म्हणाले, "ज्याले सोताची पोरगी सांभाळता आली नाई, त्यानं दुसऱ्याच्या पोरी काऊन दाखवाव्या?" मामा ताटावरून उठले. त्यानंतर ना कोणी त्यांना स्थळ विचारायला आलं, ना ते कोणाच्या मांडवात गेले. खुर्च्या तेवढ्या राहिल्या.

असा माणूस जावयाच्या बापाचं नाव काढत नसेल असं कोणालाही वाटेल. मामांचा हिशेब वेगळा होता. "राग लेकीवर हाय. इवायावर कायले धरू? त्याईच्या पोरानं बी त्याईले इचारलं नाई. ते बी माह्यासारखेच फसले." आणि सोयरीक झाली म्हटल्यावर घराण्याची चौकशी ही झालीच पाहिजे. लग्नाआधी करायची ती राहून गेली, म्हणून मामांनी ती लग्नानंतर केली. एसटीने लोणारला गेले. जावई ज्या लॉजवर उतरायचा त्या मालकाला गाठलं. पोरगा ताटात टाकतो का? बूट कुठे काढतो? पाणी देणाऱ्याकडे पाहतो का? मालक म्हणाला, पाहतो, आणि रोज संध्याकाळी बापाला फोन लावतो, बोलत फारसं नाही पण लावतो. मामांनी तिथेच विचारलं, "बाप एकटा हाय काय?" मालक म्हणाला, असेल. मामा शेवटच्या गाडीने घरी आले.

हे सगळं त्यांनी मला एकदा तुरीच्या शेंगा सोलता सोलता सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "इवायाचा नंबर मी भाच्याकडून काढून ठेवला हाय, त्याचं तिच्यासंगं बोलनं हाय. पन बोलू कोन्या भाषेत? तुमी बँकेतले, ते बँकेतले. लावून द्या."

मी खूप समजावलं. माझी बँक म्हणजे पीककर्ज, पासबुक आणि रांग मोडणारे लोक. त्यांची मर्चंट बँक, म्हणजे व्यापाऱ्यांची पेढी. जहाजातल्या मालावर पैसा लावायचा, इकडचा व्यापारी तिकडच्याला माहीत नाही तर मध्ये जामीन राहायचं.

"म्हंजे अडत्या," मामा म्हणाले.

"नाही हो, त्याहून खूप मोठं."

"मंग मोठा अडत्या. लावा."

रविवारी दुपारी फोन लावला. पडद्यावर एक उंच कपाळाचे, गोरेपान म्हातारे दिसले. पाठीमागे पुस्तकांची भिंत, समोर बशीत उकडलेलं अंडं. त्यांना इंग्रजी उत्तम येत होतं. मी माझी आणि मामांची ओळख करून दिली, आणि आता मामा काहीतरी मोघम विचारतील, तब्येत वगैरे, अशा समजुतीत होतो. मामा पडद्याला हात जोडून म्हणाले, "इचारा, मामकूळ कोनतं."

मी कपाळाला हात लावला. पण विचारलं. मला वाटलं म्हातारे आता फोन ठेवतात. त्यांनी हातातला चमचा बशीत ठेवला आणि आईबद्दल बोलायला लागले. आई एका गलबतवाल्याची मुलगी, समुद्रकाठच्या लहानशा गावातली. पेढीच्या घरात आली तेव्हा तिला त्यांच्या जेवणाच्या टेबलाची भीती वाटायची. मासे हाताने खायची सवय तिला, सासूने सोडवली. माझं भाषांतर मागे पडत होतं, तरी ते थांबेनात. शेवटी म्हणाले, तिच्याबद्दल मला बऱ्याच वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

"घर चांगलं हाय," फोन बंद झाल्यावर मामा म्हणाले. "मानूस मायचं नाव प्रेमानं घेते."

तेव्हापासून दर रविवारी दुपारचं माझं झोपणं संपलं. अंडं बशीत आलं की मामा म्हणत, "तिकडं सकाय झाली." इवाई त्यांना 'हेर मामा' म्हणत. हेर म्हणजे श्रीयुत, हे मी सांगितल्यावर मामांनी अंगावरची बंडी बदलून सदरा घालायला सुरुवात केली.

पेढीची सगळी कथा मी तेव्हा ऐकली, आणि मामांनी ती लगेच आपल्या मापात बसवून घेतली. मूळचं घराणं जवसाच्या झाडापासून कापड विणणाऱ्यांचं. पणजोबा गाव सोडून बंदरावर आले, कॉफीचा आणि कापसाचा व्यापार केला, मग व्यापाऱ्यांनाच पैसा पुरवायला लागले. कापूस कुठला, मामांनी विचारलं. मुंबईहून यायचा, इवाई म्हणाले. मामांनी मांडीवर थाप मारली. "मुंबईले कापूस कुठून जाये? खामगावच्या बाजारातून! म्हंजे आपलाच कापूस त्याईच्या घरी गेलता. पाह्यलं? जुनी ओयख निंघाली." अडत्या म्हटल्याचंही मी इवायांना सांगून टाकलं. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, आजोबा ऐकते तर रागावले असते, पण बरोबर आहे.

भाऊबंदकीही निघाली. पेढी एका मोठ्या बँकेला विकली तेव्हापासून चुलतभाऊ बोलत नव्हते. हे कळल्यावर मामा इतके खूश झाले, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. "तिकडं बी हाय म्हना की!" त्यांना एवढंच पाहिजे होतं, की माणसं आपल्यासारखीच आहेत. इवायांना एक बहीण होती, ती आता कोणाला ओळखत नव्हती. बायको पियानो शिकवायची, ती जाऊन बरीच वर्षं झाली. त्या मोठ्या घरात इवाई आणि एक म्हातारं कुत्रं. कुत्र्याला ऐकू येत नव्हतं, तरी इवाई त्याच्याशी बोलत.

आणि प्रत्येक रविवारी, सगळं बोलून झाल्यावर, मामा घसा खाकरून एकच प्रश्न विचारत, "घरची मंडळी बरी?"

नाव नाही, काही नाही. इवाई म्हणत, सगळी बरी. मग आपणहून काहीबाही सांगत. खिडकीतल्या कुंड्यांत कोथिंबीर लावली आहे. खोकला होता, आता उतरला. कोणाला, ते बोलत नसत. मुलगी आणि जावई त्याच शहरात राहत, आणि रविवारी सकाळी ती सासऱ्याकडे स्वयंपाकाला येई. फोन चालू असताना ती कधी पडद्यापुढे आली नाही. पण मागून भांड्यांचा आवाज यायचा. इवाई बोलता बोलता मध्येच थांबत आणि काही वेळ उगाच चष्मा पुसत बसत. मामा कान पुढे करून ऐकत राहत. झाकण ठेवल्याचा, उलथनं आपटल्याचा, नळाचा आवाज. मेहकरला बसून हॅम्बुर्गची भांडी ऐकणारा हा माणूस तिथे एक शब्द बोलला असता तर ती दोन पावलांवर होती. मला राग यायचा, खरं सांगतो. एकदा बोललोही, "मामा, हाक मारा ना तिला." ते म्हणाले, "एक शब्द मोडला तिच्या पायी, जळगावचा. दुसरा कसा मोडू?"

एका रविवारी इवाई आपल्या थोरल्या भावाबद्दल सांगत होते. पेढी त्याची व्हायची होती. तो लढाईतून परत आला नाही. बॉम्बने छप्पर उडालेल्या कचेरीत ताडपत्रीखाली बसून वडील काम करत, तिथे त्यांनी एक दिवस धाकट्या मुलाला बोलावलं आणि भावाची खुर्ची दाखवली. इवायांना मधमाश्या पाळायच्या होत्या. ते खुर्चीवर बसले आणि म्हातारे होऊन उठले.

"माझ्या वडिलांनी मला विचारलं नाही," ते म्हणाले. "म्हणून मी माझ्या मुलाला विचारलं. तो नाही म्हणाला."

मी सांगितलं. मामा एकदम ताठ झाले. "इचारलं होतं? आन् पोरगा नाई म्हनला? मंग राग नाई आला?"

इवायांनी विचार केला. "राग नाही आला," ते म्हणाले. "घर मोठं वाटायला लागलं."

घरची मंडळी बरी का, हे मामांचं त्या दिवशी विचारायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आलो तर खुर्च्यांचा ढीग तसाच होता आणि मामा फडकं हातात घेऊन त्याच्यापुढे उभे होते. मला म्हणाले, "मी तिले इचारलंच नव्हतं. जळगावचं पोट्टं पसंत हाय काय म्हून. सगळ्या दुनियेच्या पोरीले इचारलं."

थंडीत इवायांनी त्यांना बोलावलं. इकडे या, माझं घर मोकळं आहे. मामा लाजून हसले आणि मान हलवली. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. तिला मूल नव्हतं. मी ते जमेल तसं समजावून सांगितलं. इवाई गंभीरपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "आणि मुलाच्या बापाने मुलीकडचं पाणी घ्यायचं असतं का?"

"घ्यावंच लागते!" मामा म्हणाले. "मान हाय त्याईचा."

"मग मीच येतो," इवाई म्हणाले. "थंडी सरली की. सून घेऊन येईल मला." मागे भांड्यांचा आवाज थांबला होता.

त्यानंतर मामा जमिनीवर नव्हते. घराला चुना दिला. इवाई भेटतात तेव्हा टॉवेल-टोपी द्यायची असते, तर टोपीचं माप काय, हे मला विचारायला लावलं. इवायांनी शिंप्याची फीत आणून कॅमेऱ्यापुढे आपल्या डोक्याला गुंडाळली. दुकानात त्या मापाची टोपी मिळेना. मामांनी शिवून घेतली. शिंप्याने दोनदा विचारलं, माप बरोबर आहे ना? "डोक्शात चार पिढ्यायची पेढी हाय," मामा म्हणाले. "बारकं कसं राहीन?"

फोन आला तो मधल्याच वारी, मी काउंटरवर असताना. जावई होता. वडील पहाटे झोपेतच गेले, मामांना सांगाल का, एवढं बोलून तो थांबला. मी साहेबांना सांगून घरी आलो. मामा ओट्यावरच होते. माझ्या अवेळी येण्यावरूनच त्यांना कळलं.

"इवाई?"

"हो."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग उठून आत गेले आणि गॅसवर शिजत असलेलं वरण बंद केलं. बाहेर येऊन म्हणाले, "तिच्यापाशी कोन हाय?"

तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी 'मंडळी' न म्हणता तिची चौकशी केली. मी म्हटलं, जावई आहेत की.

"तो सोताच दुखात हाय. तिले घास कोन देईन?"

मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. सोयरे चून-भाकर करून नेतात. चून म्हणजे आपलं पिठलं. सुनेला माहेरच्या माणसाने घास द्यायचा असतो. कडू घास म्हणतात त्याला. मी सांगून पाहिलं, की तिकडे तसं काही नसतं, लोक कॉफी घेतात, मयतीलाही आठवडा लावतात. मामा म्हणाले, "तिची माय गेली तवा मावशी घास घेऊन येईपर्यंत पोरीनं पानी बी घेतलं नव्हतं. एवढीशी होती. मी वाढवली तिले, मले ठावूक हाय. ती उपाशी बसली असन."

त्या मोठ्या देशात ओळखीचं कोण, हे ते डोक्यात शोधत होते हे मला दिसत होतं, आणि सापडलेलं नाव त्यांना नको होतं हेही दिसत होतं. जळगाव जामोदची ती मुलगी, इंजिनिअरला दिलेली, नवऱ्याबरोबर जर्मनीतच होती. तिचा नंबर हवा तर तिच्या बापाला विचारायला हवं. पंगतीत बोलला होता, त्या बापाला.

मी म्हटलं, मी बोलू का? त्यांनी मान हलवली आणि फोन स्वतः लावला. उभे राहून बोलले. म्हाताऱ्यांच्या फोनचा आवाज मोठा असतो, मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"मेहकरचा मामा बोलून राह्यलो."

तिकडे टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला. मग, "बोला."

"आमचे इवाई वारले. जर्मनीत. माह्या लेकीले कडू घास द्याले कोनी नाई तिथं."

मामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गाव कोनतं?"

"हॅम्बुर्ग."

"पोरगी बाजूच्याच गावात राह्यते. रेल्वे हाय." ते गृहस्थ म्हणाले. "ज्वारीचं पीठ हाय तिच्यापाशी, मागच्या खेपी मीच धाडलं. जाईन ती, आत्ताच सांगतो. कडू घासाले कोनी नाई म्हनत नसते, मामा."

मामा खाली बसले. त्या गृहस्थांनी त्यांना पुन्हा मामा म्हटलं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना, मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी त्या मुलीचा फोन आला. दिला घास, म्हणाली. आधी रडली, मग खाल्ला. मामांनी उठून गॅस पेटवला.

मला वाटलं आता मुलगी फोन करील. रोज वाटत होतं. नाही केला. मी चिडून म्हणालो, एवढं केलं तुम्ही, तिला एक फोन होत नाही? मामा म्हणाले, "मी म्हनलं होतं ना, माहा आवाज ऐकू येनार नाई म्हून. बापाचा शब्द पाळून राह्यली ती."

रविवार आला. दुपारी मी खोलीत पडलो होतो, तर मामा जिना चढून वर आले. गुडघ्यामुळे ते कधी वर येत नसत. अंगात सदरा होता, हातात ती नवी टोपी.

"लावा."

"कोणाला लावू, मामा?"

"त्याईलेच. रविवार हाय."

"तिथे आता कोण उचलणार?"

"नाई उचललं तं वाजू द्या थोडा वेळ. त्या घरात वाजलं पायजे."

आम्ही खाली आलो. मी फोन लावला. वाजत राहिला. मामा टोपी मांडीवर घेऊन पडद्याकडे पाहत होते. मी बंद करायला हात पुढे केला आणि तेवढ्यात तिकडून उचलला. पुस्तकांची भिंत दिसली, ती खुर्ची दिसली, आणि खुर्चीवर एक बाई बसली होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण नाक मामांचं होतं. केसांत थोडं पांढरं आलेलं. फोनची वाट पाहत बसली होती हे उघड होतं. ती काही बोलली नाही. मामाही नाहीत. त्यांनी मान वळवली आणि मला म्हणाले,

"तिले सांगा, सासऱ्याच्या खुर्चीवर बसू नाई."

मी पडद्याकडे पाहिलं. तिला ऐकू गेलंच होतं. तरी मी, सातारकडचा माणूस, बापाचं वऱ्हाडी लेकीला सांगितलं, "खुर्चीवर बसू नका म्हणतात." ती हसली की रडली ते समजलं नाही. उठून खुर्चीशेजारी खाली बसली. कुत्रं येऊन तिच्या मांडीवर डोकं टेकून पडलं.

"इचारा, घरची मंडळी बरी?"

"विचारतात, घरची मंडळी बरी का."

"सांगा त्याईले," ती म्हणाली, "एक मानूस कमी झालं. बाकी बरी हाय."

मामांनी टोपी उचलून पडद्यापुढे धरली. "सांगा, हे धाडतो. दुखवट्याची हाय. जावयाच्या डोक्शावर घाल म्हना. बापाच्या मापाची हाय, ढिली होईन. पन घाल म्हना."

मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "बाबा, तुमी जेवले काय?"

मामांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. इवाई बोलले की ते असेच पाहत, मी सांगेपर्यंत. मी म्हटलं, "विचारतेय, तुम्ही जेवलात का." त्यांनी मला हाताने गप्प केलं. मग पडद्याजवळ सरकले, अगदी नाक लागेल इतके जवळ.

"नाई वो माय," ते म्हणाले. "तुहं ताट वाढ. माहं बी वाढ."

ती उठून आत गेली. पडद्यावर ती खुर्ची दिसत राहिली, खाली ते कुत्रं दिसत राहिलं, आणि आतून भांड्यांचा आवाज यायला लागला.